गाईड म्हणाले, "प्रायमरी सोर्स कुठंयत?" मग काय करायचं: ऑनलाइन जर्नल डेटाबेसमध्ये साधनं कशी शोधायची

सिनॉप्सिस (प्रबंधाचा आराखडा) पास झाली, विषय मिळाला, तीस-पस्तीस पानं लिहून झाली आणि मग गाईड पानं चाळून म्हणतात, "हे सगळं सेकंडरी आहे, प्रायमरी कुठंय?" माझ्या बाबतीत हे एमएच्या दुसऱ्या वर्षाला झालं. विषय होता काळाराम मंदिर सत्याग्रह, म्हणजे अस्पृश्यांना नाशिकच्या काळाराम मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून १९३० मध्ये सुरू झालेला. मी पंचवटीत वाढलेली, मंदिराच्या दारावरून रोजचं जाणंयेणं, आणि तरी १९३० चा एकही कागद मी डोळ्यांनी बघितलेला नव्हता, जे काही लिहिलं होतं ते चार पुस्तकं आणि दोन पीडीएफ वाचून. सगळं परत करावं लागलं. कॉलेजात डेटाबेस, म्हणजे जर्नलांमधले (संशोधनाच्या नियतकालिकांमधले) लेख जिथे शोधता येतात ती साइट, कशी वापरायची हे कुणी शिकवलंच नव्हतं, लॉगिन दिलं आणि झालं. तेव्हा जे चाचपडत शिकले ते इथे क्रमाने लिहितेय, म्हणजे नवीन येणाऱ्यांचे तीन-चार महिने तरी वाचतील.

काय काय हाताशी ठेवायचं ते आधी सांगते. कॉलेजचं चालू आयकार्ड, कॉलेजने दिलेला ईमेल असेल तर तो (नसेल तर साधा जीमेल), ग्रंथपालांकडून मिळालेलं लॉगिन, एक वही, आणि शक्य असेल तर लॅपटॉप. मोबाईलवर लेख वाचता येतो पण फिल्टर नीट दिसत नाहीत, म्हणून शोधायचं काम तरी कॉम्प्युटरवर करा. संदर्भ साठवून ठेवणारं झोटेरो नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, ते पहिल्याच दिवशी टाकून घ्या.

१. आधी प्रश्न लिहा, सर्च बॉक्स नंतर

"काळाराम सत्याग्रह" हा विषय झाला, प्रश्न नाही. "सत्याग्रहाच्या पहिल्या महिन्यात सरकारी अधिकाऱ्यांनी नेमकी काय भूमिका घेतली?" हा प्रश्न. विषय टाकला की हजारभर लेख समोर येतात आणि माणूस दमतो. प्रश्न हातात असला की कुठला लेख सोडायचा ते कळतं, आणि अर्धं काम सोडण्याचंच असतं.

२. प्रायमरी की सेकंडरी, हे कागदावर नाही, तुमच्या प्रश्नावर ठरतं

इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो म्हणून जरा थांबून सांगते. व्याख्या सगळ्यांना पाठ असते, त्या काळातलं, त्या घटनेतलं, थेट साक्षीचं ते प्रायमरी, आणि त्यावर नंतर कुणी अभ्यास करून लिहिलं ते सेकंडरी. आपल्याकडे इतिहासवाले ज्याला अस्सल कागद म्हणतात ते पहिल्यात. पण एखादं पुस्तक हातात घेऊन "हे प्रायमरी आहे का?" असं विचारलं तर त्याला उत्तर नसतं.

आपलं नाशिकचंच उदाहरण घ्या. बॉम्बे प्रेसिडेन्सी गॅझेटियरचा सोळावा खंड नाशिक जिल्ह्यावर आहे, १८८३ चा. त्यात पिकं, बाजार, रस्ते, जातीजमाती, सगळं आहे, आणि पांडवलेण्यांवरही बरंच लिहिलंय. आता तुमचा प्रश्न "१८८० च्या सुमारास इंग्रज अधिकारी नाशिककडे कसे बघत होते" हा असेल तर हा खंड प्रायमरी. पण प्रश्न सातवाहनांचा असेल तर तोच खंड सेकंडरी, कारण लिहिणारा माणूस सातवाहनांच्या नंतर सतराशे वर्षांनी बसून लिहितोय. सातवाहनांसाठी प्रायमरी म्हणजे लेण्यांमधले शिलालेख. तीन नंबरच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे, आपला मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी याचं वर्णन करणारा. ते शिलालेख सेनार या फ्रेंच अभ्यासकाने एपिग्राफिया इंडिका या शिलालेख छापणाऱ्या नियतकालिकाच्या आठव्या खंडात, १९०५-०६ साली, वाचन आणि भाषांतरासकट छापले. त्यातला मूळ पाठ तुमचं साधन, आणि त्याखालच्या त्याच्या टिपा म्हणजे अभ्यासकाचं मत. एकाच पानावर दोन्ही असतं, त्यामुळे उतरवून घेताना वेगवेगळं उतरवा.

सायन्सवाल्यांचा हिशोब वेगळा आहे, तिथे स्वतः प्रयोग करून आकडे मांडलेला पेपर प्रायमरी आणि असे अनेक पेपर वाचून लिहिलेला रिव्ह्यू आर्टिकल सेकंडरी. म्हणजे जर्नलमध्ये छापलेला लेख इतिहासात बहुतेकदा सेकंडरी आणि सायन्समध्ये बहुतेकदा प्रायमरी, आणि दोन फॅकल्टीची मुलं एकाच टेबलावर बसून एकमेकांना सल्ले देतात तेव्हा इथेच घोळ होतो.

३. लॉगिनची सोय

पहिल्यांदा कॉलेजच्या ग्रंथपालांना भेटा, प्रत्यक्ष भेटा. त्यांना तीन गोष्टी विचारा: आपल्याकडे एन-लिस्ट आहे का, वन नेशन वन सबस्क्रिप्शनमध्ये आपली संस्था येते का, आणि घरून लॉगिन करता येतं का. एन-लिस्ट ही गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या केंद्राची, कॉलेजांना ऑनलाइन जर्नल्स आणि पुस्तकं देणारी योजना आहे. वन नेशन वन सबस्क्रिप्शन १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालंय, तीस प्रकाशकांची तेरा हजारांच्या आसपास जर्नल्स सरकारी संस्थांमधल्या विद्यार्थ्यांना मिळतात. तुमचं कॉलेज त्यात बसतं की नाही हे ग्रंथपालच सांगतील, अंदाज बांधत बसू नका.

कॉलेजकडे काहीच नसेल, किंवा नोकरी करून बाहेरून शिकत असाल, तरी अडत नाही. जेस्टोर या जर्नल डेटाबेसवर साध्या ईमेलने फुकट खातं उघडता येतं आणि दर ३० दिवसांत १०० लेख स्क्रीनवर वाचता येतात. डाउनलोड बहुतेक होत नाही, वाचता येतं, एका लघुप्रबंधाला तेवढं पुरतं. शोधगंगा, नॅशनल डिजिटल लायब्ररी, इंटरनेट अर्काइव्ह, गूगल स्कॉलर आणि डीओएजे या ओपन ॲक्सेस (सगळ्यांना फुकट वाचता येणाऱ्या) जर्नलांच्या यादीला तर कॉलेजचं लॉगिन लागतच नाही.

४. शब्दांची यादी करा, ही पायरी गाळू नका

माझे पहिले दोन आठवडे इथे गेले. मी आपलं आजच्या स्पेलिंगने नाशिक टाकत होते आणि काही येतच नव्हतं. जुन्या इंग्रजी कागदांत नाशिकच्या स्पेलिंगमध्ये एच नाही, नासिक असं आहे, आणि आणखी जुन्या कागदांत दोन एस असलेलंही सापडतं. एच काढला आणि एकदम पानंच्या पानं आली. येवल्याचंही तेच, मधे व्ही आहे की नाही, शेवटी ए की ई, तीन-चार प्रकार सापडतात. काळाराम कुठे एक शब्द, कुठे दोन शब्द.

स्पेलिंगपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे त्या काळचा शब्द. आज आपण दलित म्हणतो, पण १९३० च्या सरकारी कागदात डिप्रेस्ड क्लासेस आणि अनटचेबल्स हे शब्द आहेत, १९३५ च्या कायद्यानंतर शेड्यूल्ड कास्ट्स येतो. दलित शब्द टाकून १९३० चा पोलीस रिपोर्ट सापडणार नाही. उलटं, अलीकडच्या अभ्यासकांचे लेख हवे असतील तर दलित हाच शब्द टाकायला लागतो. म्हणजे प्रायमरीसाठी एक यादी आणि सेकंडरीसाठी दुसरी. वहीत दोन कॉलम करा, डावीकडे त्या काळचे शब्द, उजवीकडे आजचे. हे जुने शब्द टाइप करताना आपल्यालाच कसंतरी होतं, मला व्हायचं, पण कागद त्या शब्दांखालीच ठेवलेले आहेत.

मग ते शब्द जोडायचे. दोन्ही शब्द हवेच असतील तर मधे अँड, यापैकी कुठलाही चालेल तर ऑर, नको असेल तर नॉट, हे तिन्ही इंग्रजी कॅपिटलमध्ये. पूर्ण शब्दसमूह जसाच्या तसा हवा असेल तर अवतरणचिन्हात टाका. ऑरवाले शब्द कंसात घालायला विसरू नका, नाहीतर भलतंच शोधलं जातं. जेस्टोरवर एक छान सोय आहे, दोन शब्द अवतरणात लिहून लगेच पुढे टिल्ड म्हणजे ती नागमोडी रेघ आणि १० आकडा दिला की ते शब्द एकमेकांपासून दहा शब्दांच्या आत जिथे आलेत तेवढेच लेख येतात. टेम्पल आणि नासिक असे दोन शब्द मी असे शोधले तेव्हा फालतू निकाल निम्म्याहून कमी झाले.

नॉट मात्र जपून. मी एकदा कुंभमेळ्याचे लेख नकोत म्हणून कुंभ शब्द वगळला, तर सत्याग्रहावरचा एक चांगला लेख गायब झाला कारण त्यात एका ओळीत कुंभाचा उल्लेख होता.

५. सुरुवात सेकंडरीपासून करा

हे ऐकायला उलटं वाटेल. गाईडना प्रायमरी हवंय तर सेकंडरी कशाला? कारण अस्सल कागद कुठे पडलेत हे तुमच्या आधी ज्यांनी दहा वर्षं घासलीत त्यांनाच माहितीये, आणि ते त्यांनी तळटीपेत लिहून ठेवलंय.

जेस्टोरवर ॲडव्हान्स्ड सर्चमध्ये जा. तिथे तीन सापळे आहेत. एक, ॲब्स्ट्रॅक्टमध्ये (लेखाच्या सारांशात) शोध असा पर्याय दिसतो, तो वापरू नका, कारण जेस्टोरवरच्या बहुतेक लेखांना ॲब्स्ट्रॅक्टच नाही, चांगले लेख हुकतात. दोन, रिव्ह्यूज असा फिल्टर दिसला म्हणून सायन्सच्या मुलांनी खूश होऊ नये, ती पुस्तक परीक्षणं आहेत, रिव्ह्यू आर्टिकल नाही. पण परीक्षणंही वाचा, एखादं जाड पुस्तक आपल्या कामाचं आहे का ते दोन पानांत कळतं. तीन, नवीन अंक सापडत नाहीत. बऱ्याच जर्नलांचे ताजे तीन-पाच वर्षांचे अंक तिथे येतच नाहीत, त्यामुळे "या विषयावर अलीकडे काहीच काम झालं नाही" असं प्रबंधात लिहून बसू नका, ताज्यासाठी गूगल स्कॉलर बघा. इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकलीचे जुने अंक जेस्टोरवर आहेत, महाराष्ट्राच्या समाजकारणावर काम करणाऱ्यांनी ते तरी नक्की चाळावेत.

मराठीतलं काम हवं असेल तर शोधगंगा. पीएचडीचे प्रबंध तिथे प्रकरणानुसार वेगवेगळ्या पीडीएफमध्ये असतात. पूर्ण प्रबंध उतरवत बसण्याऐवजी आधी दुसरं प्रकरण आणि शेवटची संदर्भसूची उघडा. मराठी प्रबंध बरेचदा स्कॅन केलेले असतात, मग आतला मजकूर सर्चला सापडत नाही, अशा वेळी विद्यापीठ आणि विभाग निवडून शीर्षकं डोळ्यांनी चाळावी लागतात. कंटाळवाणं आहे, पण मला माझा सगळ्यात उपयोगी संदर्भ असाच मिळाला.

६. एका लेखावरून मागे जा आणि पुढेही जा

एक चांगला लेख सापडला की सर्च बॉक्स बंद करा. त्या लेखाच्या तळटीपा घ्या आणि एकेक मागे जा.

माझं काय झालं ते सांगते. दोन-तीन लेखांत बाबासाहेबांनी सत्याग्रहाचे नाशिकमधले पुढारी दादासाहेब गायकवाडांना ३ मार्च १९३४ ला लिहिलेल्या पत्राचा उल्लेख होता, की मंदिरप्रवेशाची चळवळ आपण आपली माणसं मूर्तिपूजक व्हावीत म्हणून सुरू केली नव्हती. सगळे लेखक त्याच ओळी देत होते आणि मीही तशाच उचलल्या होत्या. गाईड म्हणाले, पूर्ण पत्र वाचलंस का? नव्हतं वाचलं. तळटीप धरून छापील पत्रापर्यंत गेले, पूर्ण वाचलं, तेव्हा कळलं की पुढची ताकद कुठे लावायची, राजकारण आणि शिक्षण, हा त्या पत्राचा खरा रोख आहे. माझ्या तिसऱ्या प्रकरणाची मांडणीच बदलली. दुसऱ्याने उचललेल्या ओळी आपण उचलायच्या तर त्याने जे सोडलं तेही आपोआप सुटतं.

पुढे जायचं म्हणजे त्या लेखाचा आधार नंतर कुणी घेतला ते बघायचं. गूगल स्कॉलरवर लेखाच्या खाली साइटेड बाय दिसतं, त्यावर क्लिक करा, मग वरती "या लेखांमध्येच शोधा" असा चौकोन येतो त्याला टिक करून आपला शब्द टाका. पण स्कॉलरवर जर्नलमधला तपासलेला लेख आणि कुणाचाही अपलोड केलेला पेपर एकाच रांगेत येतात, पीअर रिव्ह्यूचा (छापण्याआधी तज्ज्ञांनी लेख तपासण्याचा) फिल्टर तिथे नाही, ती पारख आपल्याला करायला लागते.

७. आता अस्सल कागद

जर्नल डेटाबेसमध्ये हे कमी असतात, आणि ही गोष्ट मला कुणी आधी सांगितली असती तर बरं झालं असतं. जर्नल तुम्हाला पत्ता देतं, कागद बहुतेकदा दुसरीकडे असतो.

काळारामसाठी मला सगळ्यात जास्त मिळालं ते महाराष्ट्र शासनाने छापलेल्या खंडांत. बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांची मालिका आहेच, शिवाय अस्पृश्यांच्या चळवळीची साधनं म्हणून १९८२ मध्ये एक वेगळा खंड निघाला, त्यात पोलिसांचे अहवाल आणि त्या वेळच्या वर्तमानपत्रांतल्या बातम्या तारखेनिशी आहेत. २ मार्च १९३० ला सत्याग्रह सुरू झाला, तिथून पुढे दिवसवार बघता येतं. वाचताना एक लक्षात ठेवा, पोलीस अहवाल प्रायमरी असला म्हणजे खरा असं नाही. तो बंदोबस्ताच्या बाजूने उभं राहून लिहिलेला आहे, दारापुढे बसलेल्या माणसांच्या बाजूने नाही. त्याच्या शेजारी चळवळीतल्या माणसांची पत्रं ठेवून वाचा.

बरेच जण म्हणतात की बाबासाहेबांच्या वर्तमानपत्रातच बघू त्या दिवशी काय छापलं. पण बहिष्कृत भारत १९२९ च्या शेवटी बंद पडलं होतं आणि जनता नोव्हेंबर १९३० मध्ये सुरू झालं, म्हणजे सत्याग्रहाचे पहिले महिने मधल्या पोकळीत येतात. मी ही तारीख न बघता आठवडाभर नसलेले अंक शोधत होते, म्हणून सांगते, कुठलंही नियतकालिक शोधायच्या आधी ते त्या महिन्यात निघत होतं का ते बघा.

सरकारी फायलींसाठी राष्ट्रीय अभिलेखागाराचं अभिलेख पटल पोर्टल आहे, नोंदणी करून फायली शोधता येतात, बऱ्याच स्क्रीनवर उघडतात. पण नाशिक मुंबई इलाख्यात होतं, त्यामुळे प्रांतिक सरकारच्या फायलींसाठी मुंबईचं राज्य पुराभिलेखागार गाठावं लागतं, फोर्टमध्ये, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत. जायच्या आधी विद्यापीठाचं किंवा गाईडचं पत्र सोबत घ्या. नाशिकमध्ये सार्वजनिक वाचनालय आहे, आपलं सावाना, १८४० पासूनचं. जुनं मराठी काही शोधत असाल तर तिथे जाऊन विचारा, सगळं ऑनलाइन येणार नाही.

गॅझेटियर आणि एपिग्राफिया इंडिका इंटरनेट अर्काइव्हवर मिळतात. शिलालेखांच्या खंडात अक्षरांवर टोप्या आणि रेघा असल्यामुळे आतला सर्च फसतो, सरळ अनुक्रमणिका उघडून पान गाठा.

८. सायन्स आणि ॲग्रीवाल्यांसाठी थोडक्यात

माझा मावसभाऊ निफाडचा, एमएस्सी ॲग्री करतो, द्राक्षावरच्या केवडा या रोगावर काम. तो म्हणाला, "ताई, केवडा टाकला तर मला गणपतीच्या पत्रीचे फोटो येतात." त्याला रोगाचं इंग्रजी नाव, डाउनी मिल्ड्यू, सांगितलं तर काकडीपासून बाजरीपर्यंत सगळं आलं. मग बुरशीचं शास्त्रीय नाव टाकलं, प्लास्मोपारा व्हिटिकोला, आणि फक्त द्राक्षाचं काम समोर आलं. भुरी असो नाहीतर कांद्यावरचे फुलकिडे, शास्त्रीय नावाने शोधा आणि सोबत नेहमीचं इंग्रजी नाव ऑरने जोडा.

कृषी विद्यापीठांचे प्रबंध कृषीकोशवर आहेत, आयसीएआरची (भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची) जर्नल्स त्यांच्या पोर्टलवर फुकट वाचता येतात. मेडिकल, नर्सिंग, फार्मसीवाल्यांना पबमेड. तिथे डाव्या बाजूला रिव्ह्यू, सिस्टिमॅटिक रिव्ह्यू, क्लिनिकल ट्रायल असे प्रकार निवडता येतात, पण अगदी ताज्या लेखांना हे शिक्के उशिरा लागतात, म्हणून एकदा फिल्टर काढूनही बघा. पेपर प्रायमरी आहे का हे ओळखायला मेथड्स, म्हणजे पद्धतीचा भाग, उघडा. तिथे "आम्ही इतक्या वेलींवर अमुक फवारलं" असं असेल तर प्रायमरी. "आम्ही या डेटाबेसमध्ये हे शब्द शोधले" असं असेल तर तो रिव्ह्यू आहे.

९. लेख दिसतोय पण उघडत नाही

पैसे भरू नका, निदान लगेच नको. स्कॉलरमध्ये लेखाखाली ऑल व्हर्जन्स बघा, लेखकाने स्वतःच्या विद्यापीठाच्या साइटवर ठेवलेली प्रत बरेचदा असते. ब्राउझरमध्ये अनपेवॉल हे एक्स्टेन्शन टाका, कायदेशीर फुकट प्रत असली तर कुलूप हिरवं होतं. तेही नाही तर लेखकाला ईमेल करा, चार ओळींचा, मी कोण, विषय काय, कुठला लेख हवा. मी पाच जणांना लिहिलं, तिघांनी पीडीएफ पाठवली, त्यातल्या एका मॅडमनी तर न मागता अजून दोन लेख दिले.

१०. खात्री

जर्नलचं नाव भारदस्त आहे म्हणून विश्वास ठेवू नका. पैसे घेऊन आठवड्यात छापणारी जर्नल्स पुष्कळ आहेत. पूर्वी लोक यूजीसीच्या केअर यादीत नाव बघायचे, ती यादी यूजीसीने २०२५ मध्ये बंद केली, त्यामुळे आता संपादक मंडळ, पीअर रिव्ह्यूची पद्धत आणि डीओएजेमधली नोंद हे स्वतः बघावं लागतं.

आणि एआयला विचारून संदर्भ घेत असाल तर प्रत्येक संदर्भ उघडून बघा. माझ्या एका ज्युनिअरच्या यादीत दोन लेख होते, लेखक खरे, जर्नल खरं, पण तो लेखच अस्तित्वात नाही. व्हायवाला (तोंडी परीक्षेला) ते निघालं आणि पोरगी रडवेली झाली, तिने मुद्दाम काही केलं नव्हतं. डीओआय नंबर (लेखाचा कायमचा ओळख क्रमांक) असेल तर तो डीओआयच्या साइटवर टाका, लेख उघडला आणि शीर्षक जुळलं तरच यादीत घ्या.

११. नोंदी त्याच वेळी

सापडलं की लगेच झोटेरोत टाका, आणि खाली टॅग लावा, प्रायमरी किंवा सेकंडरी, आणि कुठल्या प्रश्नासाठी. कुठला शब्द कुठल्या डेटाबेसमध्ये कुठल्या तारखेला टाकला तेही वहीत लिहा, पद्धतीच्या प्रकरणात ते विचारतात आणि आठ महिन्यांनी आठवत नाही. झोटेरो मराठी नावं उलटीपालटी करतं, आडनाव आणि नाव तपासून घ्या. स्कॅन केलेल्या पुस्तकाचा संदर्भ देताना पान क्रमांक पानावर छापलेला लिहा, पीडीएफ दाखवतं तो नाही. सुरुवातीची मुखपृष्ठं आणि प्रस्तावनेची पानं धरून दोन्हींत दहा-पंधरा पानांचा फरक पडतो, आणि मला शेवटच्या आठवड्यात साठ तळटीपा पुन्हा बघत बसायला लागलं.